तेलातला लसूण, हवाबंद बरण्या आणि बाळाचा मध

साताऱ्याहून एक पत्र आलंय, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, एकटाच राहतो, बाहेरचं खाऊन पोट बिघडतं म्हणून मी दर महिन्याला त्याला खायचं पाठवते. मागच्या महिन्यात व्हिडिओ बघून सोललेला लसूण तेलात बुडवून बाटल्या भरल्या, सहा महिने टिकतो म्हणाले होते. मक्याचे दाणे आणि मटार उकडून गरम गरम काचेच्या बरण्यांत भरले, त्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवल्या, झाकण आत खेचलं गेलं की सील झालं म्हणे. व्हॅक्यूमचं मशीन पण घेतलंय. आता जाऊबाई म्हणतात यातून बोटुलिझम होतो, माणूस जातो. खरंय का? सगळं टाकून देऊ का? कुकरला लावून परत उकळलं तर? मग आपली लोणची कशी टिकतात? आणि थोरल्या वहिनीचं बाळ चार महिन्यांचं आहे, आमची आजी त्याला गुटीतून मध देते, जाऊबाई म्हणतात तेही नको. मला काही सुचेना झालंय."

अगं, जाऊबाईंचं ऐक. त्या घाबरवत नाहीयेत, बरोबर सांगतायत.

आधी आजचं काम सांगते, कारणं नंतर वाच. भावाला आत्ता फोन कर आणि तेलातल्या लसणाची बाटली अन् मका-मटाराच्या बरण्या उघडू नकोस म्हणून सांग. त्याने त्यातलं आधीच खाल्लं असेल तर विचार की डोळ्यांना एकाचं दोन दिसतंय का, पापण्या जड होऊन खाली येतायत का, बोलताना जीभ अडखळतेय का, घोट गिळायला त्रास होतोय का, तोंड सारखं कोरडं पडतंय का. यातलं एक जरी असेल तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा किंवा आयसीयू असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं, आणि तिथे गेल्या गेल्या "मी घरी बाटलीबंद केलेला लसूण खाल्लाय" हे वाक्य डॉक्टरांना सांगायचं, कारण हा आजार इतका कमी दिसतो की तू सांगितलं नाहीस तर तो पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. लक्षणं बहुतेक वेळा १२ ते ३६ तासांत दिसतात पण कधी कधी आठ-दहा दिवसही लागतात. शेवटचं खाऊन त्याहून जास्त दिवस झाले असतील आणि पोरगा ठणठणीत असेल तर त्या खाण्याची काळजी सोडून दे, बाटली मात्र सोडू नकोस, ती टाकायचीच.

आणि हो, ताप नसतो यात. नेहमीच्या फूड पॉयझनिंगसारखे जुलाबच लागतील असंही नाही, उलट्या-मळमळ होऊ शकते पण पोट बऱ्याचदा साफ होत नाही, बद्धकोष्ठ होतं. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं कळत असतं, फक्त स्नायू ढिले पडत जातात, डोळे-चेहऱ्यापासून सुरू होऊन खाली मान, हात, छाती. छातीपर्यंत आलं की श्वास घेता येत नाही, मग व्हेंटिलेटर लागतो, कधी कधी काही आठवडे. यावर अँटिटॉक्सिन असतं पण ते अंगात मोकळं फिरणारं विष अडवतं, जे नसांना आधीच चिकटलंय ते सोडवत नाही. म्हणून तर लवकर जायचं म्हणतेय.

आता बरण्या टाकायच्या कशा. झाकण उघडून वास घेऊन बघू, किंवा बोटाला लावून जिभेवर टेकवून बघू, हे अजिबात नको. फुगलेलं झाकण, फसफसणं, घाण वास ही खराब झाल्याची खूण असते हे खरं, पण हे विष असलेला पदार्थ दिसायला-वासाला अगदी चांगलाही असू शकतो आणि एवढ्याशा चवीनेही माणूस आजारी पडू शकतो. न उघडता बरणी दोन पिशव्यांत घाल, तोंड चिकटपट्टीने बंद कर, वर "विषारी, उघडू नये" लिही आणि घंटागाडीवाल्यांना तोंडाने सांगून दे, कचरा वेगळा करणारी माणसं हाताने पिशव्या उघडतात गं. मक्याचे दाणे आहेत, वाया कशाला घालवायचे म्हणून दारातल्या गाईला घालशील, तर ते तर मुळीच नको, गाईगुरांनाही बोटुलिझम होतो. कुत्र्यालाही नको. बरणी फुटलीच तर हातमोजे घालून ब्लीचच्या पाण्याने जागा पुसून घे आणि ते फडकंही टाकून दे.

आता कारण. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो, आपल्याकडे, परदेशात, सगळीकडे. मातीतून लसूण, बटाटा, गाजर, मका, मशरूम सगळ्यांना तो बीजाणूच्या रूपात लागून येतो. शेतात पडलेलं बी जसं पाऊस येईपर्यंत गप पडून राहतं तसा हा बीजाणू पडून असतो, आपण रोज खातोही, मोठ्या माणसाला त्याने काही होत नाही. तो जागा होतो तेव्हा त्याला चार गोष्टी एकदम लागतात: हवा नको, आंबटपणा नको, ओल हवी, आणि फ्रिजबाहेरचं तापमान हवं. मीठ किंवा साखर भरपूर असेल तरी तो वाढत नाही. या चारही गोष्टी जुळल्या की तो वाढतो आणि विष सोडतो, आणि ते विष खाल्ल्यावर मेंदूकडून स्नायूला जाणारा निरोपच नसांच्या टोकाला अडतो.

आता तुझी लसणाची बाटली बघ. लसूण मातीतला, त्यात आंबटपणा जवळपास नाही, पाकळीत पाणी आहे, वरून तेल ओतून हवा तू स्वतःच बंद केलीस, आणि बाटली ठेवली ओट्यावर. चारही गोष्टी तू हाताने जुळवून दिल्यास. तेलाने पदार्थ टिकतो ही आपल्या डोक्यात लोणच्यामुळे बसलेली समजूत आहे, पण तेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा आणि वरची बुरशी अडवतं, आणि या जिवाणूला तर हवा नकोच असते.

हे नुसतं पुस्तकी नाहीये. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटात तेलातला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर ठेवला होता, तो खाऊन ३६ जण आजारी पडले, आणि काय आजार आहे हे कळायलाच बराच वेळ गेला कारण माणसं जेवून आपापल्या गावी गेली होती. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तेलातल्या लसणानेच तीन जण आजारी पडले, तेव्हा मग अमेरिकेत कंपन्यांना अशा लसणात आम्ल घालणं सक्तीचं झालं. दुकानातल्या बाटलीवर आम्ल घातल्याचं लिहिलेलं असतं ते त्यासाठी. घरी आपण लसूण आणि तेल एवढंच घालतो.

मग तेलातला लसूण करायचाच नाही का? कर की, पण थोडा कर, केल्या केल्या फ्रिजमध्ये ठेव, ४ अंशांच्या खाली, आणि चार दिवसांत संपव. जास्त दिवसांचा हवा असेल तर फ्रीझर. आलं-लसूण पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठव, तुकडे पिशवीत भर, महिनोन् महिने राहते आणि स्वयंपाकात लागेल तेवढा एक तुकडा टाकता येतो. फ्रीझरमध्ये बीजाणू मरत नाही पण वाढतही नाही, विष होत नाही. तू साताऱ्याची म्हणून मुद्दाम सांगते, ठेचा आणि खर्डा. ताजा वाटून दोन दिवसांत संपवला तर प्रश्नच नाही. पण हल्ली बरणीत भरून वर दोन बोटं तेल ओतून पाठवायची पद्धत पडलीय, त्यात लसूण, हिरवी मिरची, तेल सगळंच आलं. तो फ्रिजमध्येच ठेवायचा, लिंबू पिळायचं आणि तरीही मोजक्या दिवसांत संपवायचा. एसटीने पार्सल करून दोन दिवस डिकीत पडू द्यायचा नाही.

आता मका-मटार. इथे लोक फसतात ते असं, की उकळत्या पाण्यात तासभर ठेवलं म्हणजे सगळे जंतू मेले. साधे जंतू मरतात. हा बीजाणू मात्र १०० अंशाला मरत नाही, तासन् तास उकळलं तरी तग धरतो, त्याला १२१ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं आणि ते फक्त दाबाखालच्या वाफेतच मिळतं. तुझ्याकडे उंचीमुळे पाणी १०० च्याही थोडं आधीच उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. म्हणजे उकळण्याने झालं काय, तर बाकीचे जंतू मेले, बरणीतली हवा गेली, झाकण ठक्कन बसलं, आणि हा एकटा आत जिवंत राहिला. झाकण आत खेचलं गेलं म्हणजे हवा बाहेर गेली एवढंच कळतं, पदार्थ चांगला आहे हे त्यावरून कळत नाही.

२०१५ साली अमेरिकेत ओहायो राज्यात एका चर्चच्या जेवणात हेच झालं. कुणीतरी घरी बटाटे बरण्यांत भरून असेच उकळत्या पाण्यात सील केले होते, त्या बटाट्यांचं सॅलड केलं, २९ जण आजारी पडले आणि एक बाई गेल्या. करणाऱ्या माणसाने प्रेमानेच केलं असणार गं, तू भावासाठी करतेस तसंच.

कुकरचं विचारलंयस. कुकरमध्ये तापमान १२० च्या जवळ जातं हे खरं आहे, पण बरणीच्या मधोमध तेवढी उष्णता पोचायला किती वेळ लागतो हे बरणीच्या आकारावर, आतल्या पदार्थाच्या घट्टपणावर अवलंबून असतं, आणि आपला कुकर पटकन तापतो, पटकन थंड होतो. परदेशात घरी बरण्या भरायला जी मोठी प्रेशरची भांडी वापरतात त्यांना दाबाचा काटा असतो आणि प्रत्येक पदार्थाला किती मिनिटं ते तपासून ठरवलेलं असतं. आपल्या शिट्टीच्या कुकरसाठी असे आकडे नाहीत, शिट्ट्या मोजून हे होत नाही. तेव्हा भाज्या, डाळी, मका, मशरूम, मटण, मासे हे बरणीत सील करून बाहेर ठेवायचा नादच सोड. मटार आणि मका फ्रीझरमध्ये उत्तम राहतात, सोलून वाफवून गोठवले की काम झालं.

आणि परत उकळून खायचं? दहा मिनिटं खळखळून उकळलं तर तयार झालेलं विष निकामी होतं, हे बरोबर आहे, विष उष्णतेला बीजाणूइतकं चिवट नाही. पण त्या भरवशावर संशयाची बरणी उघडायची, हात बरबटवायचे, मीठ बघायला चमचा तोंडात घालायचा, कशाला? शंभर-दोनशे रुपयांचा मका आहे.

व्हॅक्यूमचं मशीन टाकू नकोस. रवा, डाळी, सुकामेवा, मसाले, पापड असलं कोरडं त्यात छान राहतं. ओलं आणि शिजवलेलं पॅक करायचं असेल तर मशीन हे फ्रिजच्या जोडीला असतं, फ्रिजऐवजी नसतं. पॅक केलेली भाजी बाहेर राहिली तर ती साध्या डब्यातल्या भाजीपेक्षा जास्त धोक्याची, कारण साध्या डब्यातली आंबली की वास येतो आणि आपण टाकतो, इथे नेहमीचे वास आणणारे जंतू हवेवाचून मागे पडतात आणि हा पुढे जातो. कोकणातून व्हॅक्यूम पॅक केलेले गोठवलेले मासे मागवणाऱ्यांना एक सांगते, फ्रिजमध्ये वितळवायला ठेवताना पाकीट फाडून ठेवा. माशांमधला याचा एक प्रकार ३-४ अंशांच्या गारव्यातही हळूहळू वाढू शकतो. असंच फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेल्या बटाट्याचं, गरम असताना खा नाहीतर फॉइल काढून फ्रिजमध्ये ठेव. १९९४ मध्ये टेक्सासच्या एल पासोमध्ये फॉइलमध्येच बाहेर राहिलेल्या बटाट्यांमुळे ३० जण आजारी पडले होते.

लोणच्यांसाठी मात्र तू उगाच घाबरलीस. कैरीचं लोणचं बघ, कैरी मुळातच आंबट, तिला मीठ चोळून रात्रभर ठेवतो, तो खार सुटतो, फोडी पुसून कोरड्या करतो, बरणी उन्हात तापवतो, वर तेल. आंबटपणा पीएच नावाच्या आकड्यात मोजतात, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट; हा जिवाणू पीएच ४.६ च्या खाली वाढत नाही आणि कैरी त्याच्या कितीतरी खाली असते, पाण्यात १० टक्क्यांच्या आसपास मीठ असेल तरी तो थांबतो. म्हणजे आपल्या लोणच्यात त्याला दोन-दोन कुलुपं लागलेली असतात. लिंबाचं लोणचं तसंच. मोरंबा-साखरांब्यात साखर, आणि आंबटही. पापड, कुरडया, सांडगे, तीळ-कारळाच्या चटण्या यात ओलच नाही. या सगळ्यांना बुरशी येऊ शकते, पण बोटुलिझमची भीती धरू नकोस. खोबरं-लसणाची चटणी कोरडी असते, तेलाखाली बुडलेली नसते, तरी लसूण ओला असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवलेली बरी.

गडबड होते ती लोणच्याची रेसिपी आपण बदलतो तेव्हा. सासऱ्यांना बीपी आहे म्हणून मीठ निम्मं, आंबट सोसत नाही म्हणून लिंबू कमी, आणि तरी बरणी पूर्वीसारखीच कपाटात वर्षभर. ते कुलूप आपणच काढलेलं असतं. कमी मिठाचं करायचंय तर थोडं कर आणि फ्रिजमध्ये ठेव. गाजर, फ्लॉवर, मटार, ओली हळद, लसूण, मशरूम यांच्या लोणच्यात तर आंबटपणा सगळा बाहेरूनच येतो, तिथे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर हात राखून घालायचं नाही, फोडी त्यात पुरत्या भिजल्या पाहिजेत. लसणाच्या आख्ख्या पाकळीत आंबट आतपर्यंत मुरायला वेळ लागतो, म्हणून ते लोणचं मी फ्रिजमध्येच ठेवायला सांगते. टोमॅटोवर विसंबू नकोस, पिकलेला टोमॅटो त्या ४.६ च्या काठावरच असतो, बरण्या भरणार असशील तर त्यात लिंबाचा रस हवाच.

हे सगळं "तिकडचं", आपल्याकडे कुठे होतं, असं घरी कुणी म्हणालं तर १९९६ ची गुजरातमधली गोष्ट सांग. एका निवासी शाळेतली ३४ मुलं आजारी पडली, तीन गेली. बोटुलिझमचाच संशय होता आणि खाण्यात बोट गेलं ते बेसनाच्या शेवेकडे. जिवाणू वेगळा होता, याचाच चुलतभाऊ म्हण, पण विष त्याच घराण्यातलं. आजार फार क्वचित होतो हे मी कबूल करते, रोजच्या जुलाब-उलट्यांच्या फूड पॉयझनिंगसमोर याचा आकडा नगण्य आहे, पण ज्या घरात हवाबंद बरण्या भरायला सुरुवात झालीय त्या घराने तो माहीत करून घ्यायलाच हवा.

आता बाळ, आणि इथे मी जरा ठामपणे बोलणार आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. बोटभर नाही, गुटीत नाही, सोनं उगाळून त्यात नाही, बारशाला शास्त्रापुरता नाही, चोखणीला लावून नाही. मधात हे बीजाणू असू शकतात. तुझ्या-माझ्या आतड्यात आधीपासून इतके जंतू वस्तीला असतात की त्याला तिथे जागा मिळत नाही, चार महिन्यांच्या बाळाचं आतडं अजून मोकळं असतं, तिथे तो बीजाणू रुजतो आणि आतच विष तयार करतो. मध शुद्ध आहे, ओळखीच्या माणसाकडून पोळ्यातून काढून आणलाय, उकळून दिलाय, यातल्या कशाने फरक पडत नाही. शुद्ध मधातही तो असू शकतो आणि उकळून मरत नाही हे वर सांगितलंच. वर्ष झाल्यावर खुशाल द्या.

वहिनीला आज एवढं बघायला सांग: बाळाची शी काही दिवस झालेली नाही, रडणं क्षीण झालंय, दूध ओढायला जोर लावत नाही, पापण्या झुकलेल्या, मान आधी धरत होतं ती आता लटकतेय, अंग सैल पडलंय. यातलं काही असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे, आणि मध दिलाय हे न लाजता सांगायचं. काही नसेल तर मध आजपासून बंद आणि पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायचं.

आजीशी भांडू नका. त्यांनी चार पोरं मधावर वाढवली, त्यांना काही झालं नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, बहुतेक बाळांना काही होत नाहीच. लहान बाळांचा हा आजार डॉक्टरांनाच मुळी १९७६ मध्ये कळला, कॅलिफोर्नियात, आणि मधाशी त्याचा संबंध त्याच्याही नंतर लागला. म्हणजे आजींची पोरं लहान होती तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. हे त्यांना असंच सांग, "आजी, तुमचं चुकलं नाही, तेव्हा कळलेलंच नव्हतं", बघ त्या किती पटकन ऐकतील. तसंही सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको असंच डॉक्टर सांगतात, गुटीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा, पण त्यांच्या भेटीपर्यंत मधाची बाटली वरच्या फळीवर.

भावाला पुढच्या खेपेला काय पाठवायचं म्हणशील तर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, घरचं तिखट, कैरीचं लोणचं पूर्ण मिठाचं, गूळपापडी, दशम्या दोन दिवसांपुरत्या. त्याच्याकडे फ्रीझर आहे का ते विचार. असेल तर तू पुण्याला जाशील तेव्हा तिथेच आलं-लसूण वाटून ट्रे भरून ये.